जोडी क्रमांक एक्केचाळीस

३ मार्च
चाळीस जाहिराती, ऐंशी अर्ज — पाठवून झाले! सरांची संशोधन सहायिका म्हणून माझं काम सरळ आहे. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीला दोन खोट्या मुलींचे अर्ज टाकायचे. शिक्षण तेच, गुण तेवढेच. फोटोत एक गोरी, एक काळी. बोलावणं कुणाला येतं ते तक्त्यात नोंदवायचं. त्यावर आमचे प्राध्यापक सर पुस्तक लिहिणार — कातडीचा रंग आणि नोकरी.
आई म्हणाली, "खोटे अर्ज करायला एवढी शिकलीस होय गं?" बाबा मात्र गल्लीभर सांगत सुटलेत, "पोरगी संशोधन करते!" घरातली पहिली पदवी. जरा मिरवणारच.

९ मार्च
आमच्याच विभागात कायम संशोधकाची जागा निघाली! मीही अर्ज टाकला. सर निवड समितीवर आहेत, म्हणून त्यांना बोलले नाही. घरीही नाही. वशिला नको! तसेही समितीपुढे नाव-फोटो झाकूनच अर्ज जातात. सरांनीच भांडून हा नियम करून घेतला. केवढा मोठा माणूस!
जाहिरात आली की जोडी गेलीच पाहिजे, अपवाद नाही — हाही त्यांचाच नियम. म्हणून या जागेलाही जोडी पाठवली. क्रमांक एक्केचाळीस.

१५ मार्च
खोट्या मुलींना आज तीन फोन. मला एकही नाही.

२० मार्च
एक्केचाळीसमधल्या गोरीला मुलाखतीचं बोलावणं. काळीला नाही. मला नाही. माझे गुण दोघींपेक्षा जास्त. रंगही — आत्या मला लाडाने 'काजळाची डबी' म्हणते.

२१ मार्च
सरांना तक्ता दाखवला. माझ्या अर्जाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला.
"ही ओळ काढून टाक."
"का, सर?"
"अगं, योगायोग! सगळं झाकलेलं असतं. कुणी अर्ज केलाय हेसुद्धा आम्हाला कळत नाही."
म्हटलं, ओळ वगळायची तर कारण लेखी लागतं, सर. तुमचाच नियम.
"फार काटेकोर झालीस हं तू!" हसले. पण डोळे नाही हसले.

२२ मार्च
कारण आलं, सहीनिशी — 'नोंद ठेवणाऱ्या सहायिकेने स्वतः या जागेसाठी अर्ज केलेला असल्याने.'
मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
ओळ ठेवली. शेजारी त्यांचा कागद जोडला.