जिवंत माणसाच्या घरी दुखवट्याचं जेवण

नार्दो, शनिवार

प्रिय नुन्त्सिया, अनेक आशीर्वाद.

काल, शुक्रवार, चौदा मार्च रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तुझ्या नवऱ्याने माझ्या भावाला मारलं. तुझे गुडघे कसे आहेत? (पत्रात आधी समोरच्याची प्रकृती विचारावी असं शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, पण काल रात्रभर माझं डोकं इतकं तापलं होतं की क्रम चुकला.) मयत ठीक आहे. आत्ता उशीला टेकून मला शुद्धलेखन सांगतोय.

झालं असं. दोनातोचा कॅन्सर आता यकृतात पोचलाय, आणि त्याची भूक गेली आहे हे तुला ठाऊक आहे. मी काय काय केलं नाही! सॉस केला, तर म्हणाला, "अस्सुन्ता, किल्ल्यांचा जुडगा चोखल्यासारखं लागतंय." चमचा बदलून लाकडी घेतला, तर म्हणे आता कुलूप लागतंय. मी ओरडले, तो भिंतीकडे तोंड करून झोपला. शेवटी घरी येणाऱ्या नर्सने मला स्वयंपाकघरात नेऊन झापलं, "बाई, त्याची भूक रोगाने मारलीय, तुमच्या स्वयंपाकाने नाही. बळजबरी केलीत तर घास राहील बाजूला, भाऊही दुरावेल. गार द्या, थोडं द्या, तो मागेल तेव्हा द्या." फोडणीच्या वासानेच त्याला उलटी येते म्हणून मी चूल बंद ठेवली. खालचा मासे तळणारा सकाळपासून धूर करतो, म्हणून खिडक्या लावल्या आणि दाराचं एक कवाड मिटलं.

आता मला सांग, चूल थंड आणि दार अर्धं मिटलेलं दिसलं की आपल्या गावात लोक काय समजतात? तेच तू समजलीस. एक फोन करायचा! पण नाही, तू धाडलेले रोक्को भाऊजी काळा टाय लावून दारात हजर. हातात दुखवट्याचं ताट: कोंबडीचं सूप, त्यात बारीक शेवया, वांग्याचे थर, थर्मासमध्ये कॉफी. (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, शुक्रवारी, कोंबडी! मेलेल्याच्या आत्म्याचं राहू दे, स्वतःच्या आत्म्याचा तरी विचार करायचा.) "मोठा भला माणूस होता हो," असं म्हणून ते डोळे पुसतायत, तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण गेलं गं?"

मी म्हटलं, "तू."

भाऊजींनी क्रूसाची खूण केली आणि जिना असा उतरले की टोपी अजून माझ्याकडेच आहे.

दोनातो मात्र हसला. खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "वाढ. दुखवट्याचं जेवण नाकारलं तर देणाऱ्याचा अपमान होतो." मी शुक्रवारची आठवण करून दिली. "मेलेल्याला कसला उपास?" गार झालेलं सूप त्याने चार चमचे घेतलं, नुन्त्सिया! मी खिडकीकडे बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर "अजून एक" निघालं असतं. पाचव्याला त्याने मान हलवली आणि म्हणाला, "माझ्या मरणावर मिठाची एवढी काटकसर?"

या अपमानाबद्दल मला लेखी माफी हवी आहे.

तुझी थोरली मावसबहीण,
अस्सुन्ता

ता. क. आज त्याने काहीच खाल्लं नाही. मी ओरडले नाही. दोन वेळा विचारलं त्याने, "नुन्त्सिया स्वतः का नाही आली? रडत होती का?" मी हो म्हणून ठोकून दिलंय.

ता. क. २. खऱ्या वेळी तू काय पाठवणार आहेस, ते त्याला आधी चाखून मंजूर करायचंय म्हणे. एक चमचा चाखेल किंवा नुसता वास घेऊन नाक मुरडेल. तरी कर. लेखी उत्तर उद्या, रविवारी, दुपारी बाराच्या आत पोचलं पाहिजे. भाऊजींच्या हाती पाठवू नकोस, तूच घेऊन ये. पुढच्या रविवारचं मी सांगू शकत नाही.