वीस ऑगस्टची सुनावणी

बंदर वसाहत, ६ जुलै २०२४

ती. स्व. तात्यांस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाचं घालता, म्हणून पत्र. नव्या कंटेनर टर्मिनलच्या नकाशात मी कोळीवाड्याच्या होड्यांसाठी समुद्रात जायला एक वाट मोकळी ठेवली आहे. साहेबांना ती नको आहे. पण जनसुनावणीत गावाने मागितली, तर काढता येणार नाही. शेजारच्या कल्पनाताई कोळीवाड्यातल्या सगळ्यांना घेऊन येणार आहेत. तारीख मी सुचवायची आहे. आपल्या घरी फ्रिजसुद्धा तुम्हाला विचारून येतो, तेव्हा हीही तुम्हीच काढा. लोभ आहेच, उत्तरही लवकर असू द्या.

तुमची पुतणी,
मृण्मयी

माधव नगर, उज्जैन, १२ जुलै

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

पंचांग पाहिलं. वीस ऑगस्ट घे. एकोणीसला राखी, दुसऱ्या दिवशी माणसं घरीच सापडतात, फुरसतमध्ये असतात. इथल्या फ्रीगंज बाजारातली अर्धी दुकानं दुपारपर्यंत उघडत नाहीत. गाव भरून येईल. काकू म्हणते, मासे खायला लागली असशील तर आम्हाला कळवू नकोस. बाकी खुशाल.

तुझा तात्या

बंदर वसाहत, २३ ऑगस्ट

ती. स्व. तात्यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या. गावातून कुणी आलं नाही. आपली राखी, ती इथली नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ वाहिला की पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्या दुसऱ्या दिवशी निघतात, त्या आठवड्याने परततात. बायकाही दिवसभर धक्क्यावर होत्या. कल्पनाताईंनी दोनदा विचारलं होतं, हीच तारीख का. काकांनी काढून दिली आहे म्हटल्यावर, मोठ्यांचा शब्द, राहू दे, म्हणाल्या. साहेबांनी मात्र बघताक्षणी सही केली होती, आणि मी वेडी खूश झाले होते.

'हरकत नाही' अशी नोंद झाली. दुसरी तारीख मागितली, तर साहेब म्हणाले, तारीख तुमचीच होती. नकाशातली वाट मलाच पुसावी लागली.

संध्याकाळी कल्पनाताई पूजेतला एक नारळ घेऊन आल्या, तुमच्यासाठी. होड्या सुखरूप निघाल्या, सुनावणी काय, परत होईलच, म्हणाल्या. वाट पुसल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. नारळ पार्सलने पाठवते आहे.

मृण्मयी

उज्जैन, ३० ऑगस्ट

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

नारळ मिळाला. सुनावणी परत घ्या, चूक माझी, असा अर्ज रजिस्टर पोस्टाने केला आहे. उज्जैनच्या म्हाताऱ्याला तिथे कोण विचारणार, ते ठाऊक आहे. चाळीस वर्षं लोकांना तारखा दिल्या, त्यांचा तो दिवस कसा जातो ते कधी विचारलं नाही.

काकू म्हणाली, फोडू का. मला हो म्हणवेना. रामघाटावर नदीत सोडायला नेला आणि तसाच परत आणला. काल शेजारचे दिलीप मुलीच्या साखरपुड्याची तारीख विचारायला आले, तर मी पंचांग त्यांच्याच हातात दिलं.

कल्पनाताईंना सांगशील तेव्हा माझं नाव घे. तेवढंच आता माझ्या हातात आहे. आशीर्वाद तर आहेतच, पण ते तरी कुठे पुरले.

तुझा तात्या