विहिरीमागचा माणूस

भुईगाव,
रविवार

तीर्थस्वरूप कॉन्रॅडकाका यांना,

पुतणी ॲंजेलाचा नमस्कार, आणि आशीर्वाद हवेतच. तुमचा गुडघा कसा आहे? विनीकाकूंची शुगर आटोक्यात आहे ना? इथे आम्ही मजेत आहोत. पप्पाही बरे आहेत (तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते). तुम्ही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलात आणि माझा फोन आला की तो काकूंच्या हातात देता, म्हणून हा कागद. कागदही काकूंकडे देता येतो, पण आधी तुम्ही तो वाचून घ्याल याबद्दल मला शंका नाही.

माझ्या तिसरीच्या वर्गासाठी तुम्ही काढून दिलेल्या चित्रांच्या पुस्तकाचं काय झालं, ते कळवायचं आहे. ही तक्रार नाही. आमच्या फुलपाड्याच्या शाळेत हंसाबाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका) एका प्रशिक्षणाहून परतल्यावर चित्रवाचनाचा तास सुरू केला. मुलांनी स्वतः विचार करायचा. पुस्तकात अक्षर नको, म्हणूनच तुम्हाला त्रास दिला. नियम एकच: चित्राबद्दल काहीही म्हणा, पण कशावरून म्हणता ते बोट ठेवून दाखवा. मुलांनी विचार करावा असं हंसाबाईंना मनापासून वाटतं, फक्त तो विचार त्यांना आधीपासून माहीत असलेला असावा, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. भूपेशच्या वडिलांनी घरी उशिरा येऊन मीटिंगमध्ये अडकल्याचं सांगितलं, तर भूपेशने त्यांच्या शर्टावरच्या शेवेवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी वडील तक्रार करायला आले आणि आई आभार मानायला. हंसाबाईंनी दोघांना एकाच बाकावर बसवलं, ते मला काही पटलं नाही.

मग तुमचं पुस्तक निघालं. आपली वाडी, केळी, ओटा, मम्मीची चूल, जेवायला बसलेली सगळी मंडळी, सगळं हुबेहूब. फुलपाड्याची ही मुलं बिल्डिंगमध्ये वाढलेली, तेव्हा विहीर बघून हरखतील असं मला वाटलं होतं. विहिरीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष विहिरीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे, जो प्रत्येक पानावर आहे आणि ज्याची फक्त पाठ दिसते. (खरं सांगू? कागदाचा कोपरा रिकामा राहू नये म्हणून तुम्ही तो काढलाय, असं मी समजत होते.) तेजस्वी म्हणाली, हा चोर, तोंड लपवतोय. भूपेश म्हणाला, "टीचर, तो वॉचमन आहे. सगळे आत जेवतायत आणि हा एकटाच बाहेर." यावर बराच वेळ खल झाला. वॉचमनला खुर्ची असते, याला नाही, या मुद्द्यावर वॉचमन बाद झाला. मग रीमा उठली. ही पोरगी एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तिने कुत्र्यावर बोट ठेवलं. कुत्रा भुंकत नाही, शेपटी हलवतोय, म्हणजे माणूस घरचाच. जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी आहे, ती त्याची. "तो रुसलाय, टीचर. आणि चित्र काढणारा पण त्याच्याच बाजूला उभा आहे. घर बघा किती लहान दिसतंय."

काका, मी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. शेवट कुठे आहे म्हणून मुलांनी विचारलं, तर मी रंग संपल्याचं सांगितलं. कशावरून, असं सबंध वर्गाने एका सुरात विचारलं.

मुलांना मी काय सांगणार? फ्लॉईडदादाच्या लग्नात टोस्टचं भाषण तुम्ही करायचं असं ठरलेलं असताना पप्पांनी ऐनवेळी बँकेच्या मॅनेजरच्या हातात माईक दिला, तुमचं भाषण खिशातच राहिलं, आणि तेव्हापासून तुम्ही आमच्या दाराशी आला नाहीत, हे तिसरीच्या अभ्यासक्रमात बसत नाही. मला तुमची बाजू पटते. पप्पांची अजिबात पटत नाही, पण ते पप्पा आहेत. आणि तुमची फार आठवण येते, हे आडपडदा न ठेवता लिहिते.

पुढचा घोटाळा हंसाबाईंचा. पालकांच्या दिवशी केळीच्या बागेची माहिती द्यायला त्यांनी परस्पर पप्पांनाच बोलावलं. पप्पा घड घेऊन हजर. (इस्त्रीचा शर्ट, चर्चला घालतात तो.) केळीवर ते किती वेळ बोलू शकतात तुम्हाला माहीत आहे. त्यांनी घसा खाकरला आणि रीमाने पुस्तक पुढे केलं. "आजोबा, या माणसाला घरात का घेत नाहीत?" पप्पा म्हणाले, त्याला कोणी अडवलेलं नाही. रीमा म्हणाली, बोट ठेवून दाखवा. पप्पांनी पहिल्या पानापासून शोधायला सुरुवात केली, कोऱ्या पानापर्यंत गेले, पुन्हा उलटे आले. बोट काही कुठे टेकलं नाही. शेवटी त्यांनी मुलांना केळी वाटली.

असो. गुडघ्याला जपा. काकूंना माझा नमस्कार, आणि त्यांनी पाठवलेलं लोणचं अजून पुरवून खाते आहे.

तुमची,
ॲंजेला

ता.क. खरं काम राहिलंच. शेवटचं पान लवकर काढून द्या, मुलं दुसऱ्या पुस्तकाला हात लावायला तयार नाहीत. खाली तात्पर्य लिहायला थोडी जागा सोडा, असा हंसाबाईंचा निरोप आहे. जागा सोडू नका.

आणखी ता.क. माझ्या मागे उभं राहून पप्पांनी पत्र वाचलं आणि पेन मागून घेतलं. पुढचं अक्षर त्यांचं:

कॉन्रॅड, विहिरीचा कठडा चौकोनी आहे. तू गोल काढलायस. ड्रॉइंग टीचर होतास म्हणे. येऊन नीट बघून जा, मग शेवटचं पान काढ. – ज्युड

अगदी शेवटचं ता.क. मी आत्ताच विहिरीवर जाऊन आले. कठडा गोलच आहे. तुम्ही दोघांनी मिळून तो बांधलात आणि बांधतानाही भांडलात, असं मम्मी सांगते.