धुतलेली जाकिटं

सोम., १२ जुलै १९५४

शहाडला नदी घरांत शिरली. हे भरतीबरोबर होडी घेऊन कळव्याहून तिकडेच गेलेले. रेती काढणं बंद, आता माणसं काढायची. अंगात नुसती बंडी. म्हटलं, जपून हो. "पान्यात काय पहिल्यांदा जातंय काय गो मी?" यांच्याशी बोलून उपयोग नाही.

कारखान्यात निराळीच गंमत. आमचे मालक भाऊसाहेब (पुढे नुसतं भा.सा., रोज एवढं कोण लिहितो) शिवणखात्यात आले आणि भाषणच ठोकलं. गोदामातली सगळी जाकिटं, म्हणजे पाण्यात पडलं तरी माणूस तरंगावा म्हणून आम्ही शिवतो ती, पूर ओसरेपर्यंत वापरायला फुकट. वर दोर, गमबूट, कंदील. बायकांनी टाळ्या पिटल्या. मी नाही पिटल्या. मोडलेली सुई दाखवल्याशिवाय नवी न देणारा हा माणूस, याला एकाएकी पान्हा कुठून फुटला?

बुध., १४ जुलै

जाकिटं गेली. ट्रकवर कंपनीच्या नावाचं कापड इतकं मोठं की आतला माल दिसेना. फोटोवाला आणलेला. भा.सा. एक जाकीट छातीशी धरून उभे, जसं काही स्वतः मशिनवर बसून शिवलंय. शिवणखातं माझ्या हाताखाली, पण आम्हाला बाजूला व्हा म्हणाले, गर्दी दिसते.

संध्याकाळी हे आले ते चिंब, पण खुशीत. होडीवरच्या सगळ्यांना जाकिटं मिळाली. आधी कोणी घालेना, बायकी दिसतं म्हणे. मग एकजण पाण्यात पडला आणि बुचासारखा वर आला, तेव्हापासून सगळे मागून घेतात. "तुजा मालक देवमानूस हाय." देवमाणूस! म्हटलं, जेवा आता गुपचूप.

मंगळ., २० जुलै

पाणी ओसरलं. जाकिटं परत आली ती इतकी स्वच्छ की ओळखू येईनात. पुराचं मदतकाम बघणाऱ्या कल्याणच्या महिला मंडळाच्या मुक्ताबाई स्वतः बरोबर आलेल्या. उसनी घेतलेली वस्तू मळकी परत करायची आमच्यात रीत नाही, म्हणाल्या. सगळ्याजणी वा वा करतात. मला आपला भलताच संशय. ही आपलीच ना? का चांगली ठेवून दुसरी कुठली तरी गळ्यात मारली? टाके पाहिले. माझ्या शेजारच्या मशिनवर सरू बसते, तिची शेवटची गाठ मी झोपेतही ओळखीन. माल आमचाच. मुक्ताबाईंना चहा दिला. बाई साधी वाटते.

सोम., २६ जुलै

आता हे बघा! आमच्याकडे पहिल्यापासून पद्धत अशी, की प्रत्येक मालातली थोडी जाकिटं अंगणातल्या हौदात टाकायची, लोखंडाचं वजन बांधून. दुसऱ्या दिवशी वर असली तर माल पास. आज बघते तर हौद कोरडा. भा.सा. म्हणतात चीर गेलीय, पावसात गवंडी मिळत नाही. मग परत आलेली जाकिटं तपासायची कशी? "इंदूबाई, दानाच्या मालाला कसली हो परीक्षा?" आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

सरूला म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. जाकिटात सावरीचा कापूस भरायचा, तो पाणी पीत नाही. हा गिरणीतला टाकाऊ कापूस तर भरत नसेल? तो क्षणात भिजून जड होतो. आणि भरणखातं कोणाकडे, तर भा.सां.च्या मेहुण्याकडे. सरू म्हणाली, "गप गं बाई, नोकरी घालवशील." पण तिचाही चेहरा पडला.

गुरु., २९ जुलै

नव्या मालातल्या एका जाकिटाची शिवण उसवली. चिमूटभर कापूस पदराला बांधून घरी आणला, पातेल्यात पाणी घेऊन त्यात टाकला. तरंगला. बोटाने दाबला, पुन्हा वर. हे पोट धरून हसतात. "मालकाला फाशी कवा?"

कापूस चांगला निघाला, आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. मनातली पाल चुकचुकायची थांबत नाही.

रवि., १ ऑगस्ट

पुन्हा पाणी. सुट्टी असून कारखाना उघडला. भा.सां.नी धुऊन आलेली जाकिटं आधी चढवायला लावली. "स्वच्छ आहेत, तीच पुढे जाऊ देत. सरकारातले मोठे साहेब येणारायत बघायला." साहेबांना दाखवायचीत का पाण्यात घालायचीत? मनात म्हटलं, आणि गठ्ठे चढवले. हे दुपारच्या भरतीला गेले.

मंगळ., ३ ऑगस्ट

चूल न पेटवता आधी हे लिहिते.

यांच्या होडीवरचा पांडू पाण्यात पडला, जाकिटासकट. वर येईना. यांनी उडी टाकून केसांना धरून ओढला म्हणून वाचला. घडा बुडवावा तसं आमच्या जाकिटाने पाणी घेतलेलं. शहाडला सगळे कंपनीच्या नावाने शिव्या घालतायत. हे पांडूला घरी पोचवायला आलेले, ते जाकीट माझ्यापुढे टाकलं. ओलंच. उचलवेना. यांच्याही अंगात तसलंच होतं.

"आता परत जाऊ नका." म्हटलं, पाया पडते. "त्याचं येकच खराब निगालं आसंल. छपरावर मान्सं बसलीत गो." आणि गेलेसुद्धा.

मी तशीच उठून भा.सां.च्या खोलीत गेले. तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं. ते पांढरेफटक पडले. एवढंच म्हणाले, "शिवण उसवा. माझ्यादेखत उसवा."

बुध., ४ ऑगस्ट

काल उसवलं नाही, ते पाणी निथळू दे म्हणाले. वेळ काढतात असं वाटलं. आज सगळ्यांसमोर उसवलं. आत सावरीच. तीच, पण गोळे झालेली, जुन्या गादीत होतात तशी. एक गोळा वाळवून पाण्यात टाकला, तळाला गेला. नव्यातला टाकला, तरंगला. कापूस एकच, एक तरतो, एक बुडतो. माझी मतीच गुंग. मेहुणा देवाच्या शपथा घेतोय.

सरूने गोळा नाकाशी नेला. "सोडा गं, धुण्याचा सोडा!" नवा कापूस बोटांत चोळला तर गुळगुळीत, तेलकट. हा खरखरीत. मग लख्ख समजलं. मंडळातल्या बायकांनी जाकिटं सोड्यात उकळली, दगडावर धोपाटण्याने बडवली. चिखल गेला तसा कापसाचा अंगचा तेलकटपणाही गेला. इतक्या मायेने धुतलीत हो त्यांनी. आणि होडीवर कोणती उचलणार सगळे? स्वच्छ असतील तीच.

भा.सां.च्या ट्रकमधून शहाडला गेले. नव्या मालाचे गठ्ठे बरोबर घेतले. होडी पाण्याच्या मध्यात. एका म्हातारीला आणि दोन पोरांना हे घेऊन येत होते, पांढरीशुभ्र जाकिटं त्या तिघांच्या अंगात, यांच्या अंगात काही नाही. मी काठावरून घसा फाटेस्तोवर ओरडले, "काढा ती जाकिटं! बुडवतील! काढा!" सगळ्या होड्यांवरून ऐकू गेलं. होडी काठाला लागेपर्यंत माझा जीव कुठे होता मला माहीत नाही. म्हातारी उतरून माझ्याच गळ्यात पडली.

गुरु., ५ ऑगस्ट

आज मुक्ताबाई कारखान्यात आल्या. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाल्या, उकळून धुवा असा निरोप भाऊसाहेबांकडूनच आलेला, साहेब बघायला येणार, माल चकचकीत हवा. भा.सा. म्हणाले, मी असला निरोप कधी धाडला नाही. निरोप आणणारा कोण? मुक्ताबाईंना तोंड आठवत नाही. दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय. आणि मला दोघांचंही खरं वाटतं, म्हणजे अगदी कोणाचंच वाटत नाही.

त्यावर भा.सां.नी काय करावं? हौद भरून घेतला, नवं जाकीट चढवलं आणि धोतरासकट आत उडी घेतली. बायका किंचाळल्या. तरंगत होते. चष्मा वाहून गेला, तरी म्हणतायत, "बघा इंदूबाई, बघा!" हसू आलं, वाईटही वाटलं. चोर म्हटल्याबद्दल माफी मागितली. पण एक विचारायचं राहिलंच. हौदाला चीर होती ना? मग पाणी कसं राहिलं?

शनि., ७ ऑगस्ट

पांडू सांगून गेला. नव्या जाकिटांचे गठ्ठे शहाडला काठावर तसेच पडलेत, एकही होडीवाला हात लावत नाही. "इंदूवहिनी कंपनीतलीच, ती सोता सांगून गेली बुडवतील म्हनून." मी सांगितलं ते धुतलेल्यांबद्दल, नव्यांबद्दल नाही! हे ऐकून घ्यायला कोण थांबलंय? "काढा" तेवढं सगळ्यांनी ऐकलं. अरे देवा. भा.सा. तिकडे जाऊन हात जोडून आले. त्यांना हाकलून दिलं म्हणे.

यांना परोपरीने समजावलं. हौदात मी स्वतः टाकून बघितलेलं जाकीट आणलं, डोळ्यांसमोर पातेल्यात कापूस तरंगवला. "हौद येगला, नदी येगली." मग माझ्या डोळ्यांत पाणी बघून जाकीट काखेत मारलं. होडीत बसल्यावर घालतो म्हणाले.

खाडीवर सोडायला गेले. वर पाणी चढतंय असं सगळे सांगतात. होडी निघाली. मी ओरडले, "अहो, घाला ना!" त्यांनी मागे वळून हात केला. हात करायला जाकीट खाली ठेवलं.