ती उपाशीच होती

दि. ४ जून

चि. ठमाबाईस,
मामाचे मनापासून आशीर्वाद. वि. वि. सहा वर्षांपूर्वी आमचा विभाग सोडताना तू दोन ओळींची चिठ्ठी ठेवलीस, तीत मला ‘सर’ म्हटलं होतंस. घरी मामा आणि दवाखान्यात सर, असा आपला करार होता खरा. पण त्यानंतर घरीही तू मामा म्हटल्याचं आठवत नाही. म्हणून हे पत्र जरा भीतभीतच लिहितोय.

काल ओपीडीत चौदा वर्षांची एक मुलगी आली. मान काळवंडलेली, सारखी तहान, दोन महिन्यांत कपडे ढगळ झालेले. साखर चारशेच्या वर. मी औषधं लिहीत होतो तेव्हा तिची आई म्हणाली, पोरगी आठ वर्षांची असताना तुमच्या पाहणीसाठी तुम्हीच हिचं रक्त घेतलं होतं. मग काही कळवलं नाहीत, म्हणजे सगळं ठीक असणार असं आम्ही समजलो.

संध्याकाळी कपाटातली त्या पाहणीची जुनी वही काढली. त्या मुलीची उपाशीपोटीची साखर नॉर्मल, इन्सुलिन मात्र तिप्पट. त्यावर माझी लाल रेघ आणि शेरा: ‘मूल उपाशी नव्हते. वगळावे.’ अशा अकरा रेघा निघाल्या.

तुझा वाद आठवतो. खाल्लं असतं तर साखरही थोडी वाढली असती, असं तू म्हणत होतीस. या मुलांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते दुप्पट-तिप्पट तयार करून साखर कशीबशी आवरून धरतंय. आपण हेच तर शोधायला बसलोय. निदान पुन्हा एकदा रक्त घेऊ, अशी तू गळ घातलीस. मला सोमवारी लेख पाठवायचा होता. सगळ्यांदेखत मी म्हटलं, आया बिस्किट चारतात आणि नाही म्हणतात, आधी माणसं ओळखायला शीक. या मुलीच्या आईने देवाची शपथ घेतली होती, हेही तू सांगितलंस. रोज देवापुढे बसणारा मी, त्यावर हसलो.

माझं चुकलं, पोरी. जमलं तर परत ये. ताईचे गुडघे कसे आहेत?
तुझा लोभ उरला असेल तेवढा असू दे.
मामा

दि. १५ जून

ती. मामास,
ठमीचा सा. न. तुझं अक्षर अजून तसंच आहे. दोन शब्द खालच्या औषधवाल्याला दाखवावे लागतात की काय असं वाटलं. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. पत्र वाचून ती म्हणाली, लहानपणीही हा चूक कबूल करायचा, पण जेवणं उरकल्यावर.

मी परत येणार नाही. माझं कारण तू चुकीचं धरून बसलायस. तुझ्या रेघांमुळे मी गेले नाही. त्याच आठवड्यात तसाच एक मुलगा आला. आकडे तसेच. तू तिथे नव्हतास, कुणी विचारलंही नव्हतं, आणि मी आपण होऊन लाल पेन उचललं. वही पुन्हा मोजून बघ. अकरा तुझ्या आहेत, बारावी माझी आहे. तिथे राहिले तर असंच होत राहील, हे मला त्या दिवशी कळलं. मग गुपचूप निघून गेले. तेव्हा बोलायला हवं होतं, ते राहिलं.

माझी माफी मागून तू मोकळा होणार नाहीस. त्या सगळ्यांना बोलाव. लेख जिथे छापला तिथे लिहून कळव. आणि तुझ्या हाताखालच्या पोरांना ती वही दाखव, शेऱ्यासकट. त्यांच्यासमोर लाज वाटेल. वाटू दे.
आठवण असावी, रागासकट.
ठमी

दि. २ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. आ. वही मोजली. बारा. शेवटची रेघ सरळ आहे, पट्टी लावून मारलेली. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आठ जण आले. त्यातल्या तिघांना मधुमेह झालाय. पाच जण काठावर आहेत, त्यांच्यासाठी अजून वेळ आहे. तिघांच्या घरच्यांनी यायला नकार दिला. त्यांचं काय चुकलं? तुझा बारावा सापडला नाही. शेजारी म्हणाले, ते लोक घर सोडून गेले. दोनदा जाऊन आलो, पुन्हा जाईन. मासिकाला लिहिलंय. लेख बहुधा मागे घेतला जाईल. त्याच लेखावर मला हा विभाग मिळाला, हे तुला ठाऊक आहेच.

वही पोरांना दाखवली. मग नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पुन्हा रक्त घ्यायला किती वेळ लागला असता? ही तुझ्याच वळणाची आहे. मी म्हटलं, एक सकाळ.

आज त्या मुलीची आई आली, धाकट्या मुलाला घेऊन. त्याचीही मान काळवंडायला लागलीय. मी काही विचारायच्या आतच दारातून म्हणाली, “उपाशीच आणलाय, डॉक्टर. पाण्याखेरीज काही दिलं नाही. शपथ घेऊ का?”

नव्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सांगितलं, “नको, ताई. लिहिलंय मी. उपाशी.”

तुझी खुर्ची मी आता तिला दिली आहे. ताईला माझा नमस्कार सांग. रागासकट का होईना, पत्र पाठवत जा.
तुझा,
मामा