दसऱ्याला पिवळा मासा

कोची,
२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. दिपिकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना पत्रं कशाला, असं आमचे शेठ विचारतात. त्यांना म्हटलं, ताईचं घर दीड खोलीचं, फोनवर बाबांचा विषय काढला की भावोजींच्या कानावर जातो. आणि बाबांना तर फोनवर ऐकूच येत नाय. आमच्या घराला कागदच बरा.

बाबा दसऱ्याला तुझ्याकडे येणार हे वाचून मी आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात होतो तिथेच खाली बसलो. तू आपल्या मनाने लग्न करून रोह्याजवळच्या अष्टमीला राहायला गेलीस त्याला तीन वर्षं झाली, तुझा उंबरा शिवले नायत ते. आणि आता येतात ते कशावरून, तर आपल्या धाकट्या भाविकाने त्यांना भावोजींच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या काचपेटीचा फोटो दाखवला म्हणून. दुसऱ्यांचे बाप नातवाचा फोटो बघून विरघळतात, आपला बापूस माशाचा.

पण घरच्या तळ्यातला जिताडा आणून त्या पेटीत सोडणार, हे वाचलं आणि तसाच उठून कागद शोधायला लागलो. ताई, त्या पेटीत भावोजींचं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ आहे, दोन नारिंगी मासे आहेत, कोळंब्या आहेत. जिताड्याने तोंड उघडलं की संपला कारभार.

भावोजींना मधोमध उठून दिसेल असा एक मासा हवाय ना? मग मी सांगतो. एम्परर एंजल बघितला की माणूस बोलायचा थांबतो, निळ्यावर पिवळ्या रेघा, कोणीतरी बसून आखल्यासारख्या. पण तो कोरल टोचून टोचून खातो. मँडरिन म्हणून एक आहे, पैठणीच्या काठाचे सगळे रंग एका बोटाएवढ्या अंगावर. पण त्याला बारीक जिवंत किडेच लागतात, ते संपले की उपाशी मरतो. मी मरताना बघितलाय, जेवण गेलं नाय त्या दिवशी.

मला विचारशील तर यलो टँग. सगळा पिवळा, दुसरा रंगच नाय, तरी बघतच राहावंसं वाटतं. शेवाळ खातो, कोरलला तोंड लावत नाय. तू म्हणशील हा हॉटेलात टिकला नाय, गॅरेजमध्ये टिकला नाय, बोटीवरून पळून आला, याचं काय ऐकायचं. पण इथे सकाळी शटर वर करून दिवा लावला की पहिला तोच पुढे येतो, आणि मला कुठे जावंसं वाटत नाय.

बाबांना तू काही बोलू नको.
माया आहे तशीच राहू दे, हे सांगणारा
तुझा निकेश

अष्टमी, रोहा,
१२ सप्टेंबर २०२४

चि. निकेश यास,
अनेक आशीर्वाद.

नववीत विज्ञानात आपटलेला माझा भाऊ मला कोणता मासा काय खातो ते दोन पानं सांगतो, हे वाचून मी गॅसवरचं दूध उतू घालवलं. ह्यांना सगळं नाही वाचून दाखवलं, तेवढी एंजलची गोष्ट सांगितली. ह्यांनी त्याचाच व्हिडिओ बघून ठेवला होता. तोंड एवढंसं झालं. कंपनीतून दुसऱ्या शिफ्टला सुटून आले तरी चपला न काढता आधी त्या कोरलसमोर उभे राहतात, आणि मी जेवण पुन्हा गरम करते. राग येतो, पण खरं सांगते, मलाही आता दुपारी त्याच्यासमोरच बसावंसं वाटतं. एकेक फुलासारखं उघडतं ते.

यलो टँग ह्यांना पटला. पण माझा प्रश्न मासा नाही रे. भाविका सांगते, बाबा तो जिताडा रोज स्वतः खायला घालतात, दुसऱ्याला तळ्याकडे जाऊ देत नाहीत. लेकीच्या घरी पहिल्यांदा जायचं तर जावयाला घरचा जिताडाच, असं त्यांनी गावात चार जणांना सांगून ठेवलंय. मी नको म्हटलं तर ते यायचेच नाहीत, आणि पुन्हा कधी येतो म्हणायचे नाहीत. आणि हो म्हटलं तर ह्यांची दोन वर्षांची मेहनत एका दिवसात जाईल. हे म्हणाले, येऊ दे जिताडा, पेटी गेली तर गेली. एवढं म्हणाले आणि तोंड फिरवून पेटीची काच पुसत बसले. सांग, मी काय करू?

आई मधूनमधून येऊन जाते, पण नजर सारखी घड्याळाकडे. मला बाबा यायला हवेत.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

कोची,
१९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा हाय? तेल चोळता की नुसती बाटली उशाला ठेवता?

तुम्ही ताईकडे जाणार हे कळलं. जावयाकडे रिकाम्या हाताने जायचं नाय, हे तुमचं बरोबर. जिताडा गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यात जगतो, हेही बरोबर. त्या पेटीत तो मजेत जगेल. बाकीचे जगायचे नायत. तुम्हीच सांगायचात ना, जिताड्याच्या तळ्यात दुसरा मासा ठेवायचा विचार करू नये. आणि वर्षभरात त्याला त्या काचेत वळता पण यायचं नाय. एवढ्या मायेने वाढवलेलं जनावर असं अडकवून ठेवू नका.

मिठाची गोणी पण नेणार असं भाविका म्हणाली. अमोल भावोजी खोक्यातलं मीठ विकत आणतात म्हणून तुम्ही हसलात, मीही पहिल्यांदा हसलो होतो. पण आपल्या मिठागरात मीठ धरलं की मागे उरलेलं कडू पाणी तुम्ही सोडून देता, म्हणून आपलं मीठ असं पांढरंशुभ्र. कोरलला त्या कडू पाण्यातलं पण लागतं. नुसत्या चांगल्या मिठावर ते वाढत नाय.

आता माझं एक काम करा. मी एक मासा निवडलाय, पनवेलला आमच्या ओळखीच्या माणसाकडे वेगळ्या टाकीत ठेवलाय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आदर्श नावाचा त्यांचा माणूस वडखळ नाक्यावर तुमच्या हातात पिशवी देईल. मग कासूला परत येऊन रोह्याची गाडी धरा. पिशवी उन्हात ठेवू नका, मांडीवर घ्या. तुमच्या हातून आला म्हणजे तुमचाच मासा.

तिथे गेल्यावर त्याला एकदम पेटीत टाकायचा नाय. पेटीतलं पाणी बारीक नळीने थेंब थेंब त्याच्या पाण्यात सोडायचं. मिठागराच्या उघाडीची फळी तुम्ही बोटभर उचलून खाडीचं पाणी आत घेता, तसं. भावोजींना घाई फार. हे तुम्हीच बसून करा, दुसऱ्यावर टाकू नका.

तुमच्या रागासकट तुमची आठवण काढणारा,
निकेश

मु. कासू, ता. पेण,
१६ ऑक्टोबर २०२४

चि. निकेश यास,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, भाविका लिहितेय. मध्ये तिने आपलं काही घुसवलं तर ते माझं समजू नको.

मासा पोचला. गाडीत एका बाईने विचारलं, कालवणाचा का तळायचा. मी म्हटलं, बघायचा. ती उठून पलीकडे जाऊन बसली.

खरं सांगतो, पिशवी दारात द्यायची आणि परतीची गाडी धरायची असं मनात होतं. पण तू बसायला लिहिलं होतंस. अमोलने स्टूल आणून दिलं. मी नळी चिमटीत धरून बसलो, तो उभा. मग त्याने विचारलं, भरतीला उघाडी किती उचलता. मी सांगितलं. त्याने आणखी विचारलं. पोरगा कामाचं विचारतो, आणि सांगताना मधे बोलत नाय. पाणी भरलं तेव्हा म्हणाला, या नळीला बारीक नळ बसतो, माणूस धरायला लागत नाय. म्हणजे तू मला मुद्दाम त्याच्याजवळ बसवलंस. बोटीवरून पळालास तेव्हापासून तुला मी बिनकामाचा म्हणत होतो, ते आता बंद करतो.

पेटीत सोडला तर मासा गेला दगडामागे. आम्ही सगळे काचेसमोर आणि तो बाहेर येईना. दिपिका म्हणाली, नवीन घरात आलेल्याचं असंच असतं, ओढून काढू नये. कोणाबद्दल बोलली ते मी विचारलं नाय. पण त्याने काही खाल्लेलं बघितल्याशिवाय कसा निघू? राहिलो. तिने भाकरी तुझ्या आईसारखीच केली होती.

सकाळी चहा घेताना आला बाहेर. निकेश, मी जन्मभर मासा बघितला तो जाळ्यात, टोपलीत, नायतर ताटात. असा कधी बघितला नव्हता. हळदीच्या अंगाचा, सावकाश चाललेला, जसं काही त्याच्याच बापाचं तळं. अमोलने शेवाळ चिमट्याला लावून दिलं, ते खाल्लं. कोरलजवळून गेला, पण तोंड लावलं नाय. तू निवडलास तो बरोबर निवडलास. शेजारीपाजारी दसऱ्याचं सोनं द्यायला आले तर पानं हातात धरून त्याच्याकडेच बघत उभे. हा मासा पाठवणारा कोण, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, आमचा निकेश, कोचीला असतो.

जिताडा तळ्यातच हाय. जावयाच्या नावाचा हाय, तर जावयानेच काढायचा. तीन वर्षं दिवाळसण राहिलाय. अमोल म्हणाला, मला जाळं टाकता येत नाय. म्हटलं ये, कमरेएवढ्या पाण्यात उभा करतो, येईल.

तू पण ये. मासा काय तुझी वाट बघत नसेल, पण तळ्यावर जाळ्याचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो.

तुझा बाप,
काळुराम

(दादा, पत्र लिहून झाल्यावर बाबांनी फोटो मागितला. पेटीचा नाय, भावोजींचा. — भाविका)