वाटेत संपलेले पैसे

प्रिय दादा,

पैसे पोचले. शुक्रवारी दुपारी, पूर्ण पोचले. तुझ्याच शहरातल्या बँकेत, पण तुझ्या खात्यात नाही. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती. उशीर झाला असता तर जागा दुसऱ्याला गेली असती. खाते क्रमांक मी तीनदा ताडून पाहिला, चौथ्यांदा आईला बसवलं. तिला अक्षर येत नाही, पण आकडे येतात; ती एकेक आकड्यावर बोट ठेवून मोठ्यांदा म्हणत होती, मी खूण करत होते. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. तू नवा सांधा जोडण्याआधी टाकाऊ पत्र्यावर करून बघतोस ना, तसे मी आधी अगदी थोडेसे पैसे पाठवले. चार दिवसांनी तिकडून उत्तर आलं, काहीच जमा नाही. माझ्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभराची शिल्लक मी कुणा भलत्याच्याच खात्यात घालणार होते की काय?

बँकेतल्या बाई माझा कागद बघून हसतच सुटल्या. म्हणाल्या, "अगं, परदेशात पैसे पाठवले की मधल्या बँका आपापला आकार कापून घेतात. तुझे पैसे वाटखर्चालाच संपले. आता सगळे एकदम पाठव आणि आकार इथेच भर, म्हणजे तिकडे पैही कमी पडणार नाही." सही भलत्याच रकान्यात करून मी दोन फॉर्म वाया घालवले. आई बाईंना म्हणाली, "आमच्या घरात शिकलेली ही एकटीच, आणि तिची ही तऱ्हा."

दादा, एकाचीच फी भरता येत होती तेव्हा आठवीच्या वर्गातून तू उठलास, म्हणून मी बसले. अकरा वर्षं सांधे तू जोडतोस आणि खाली सही करतो प्रमाणपत्रवाला. तुझ्या खात्यात टाकले असते तर घराच्या छपरासाठी म्हणून तू ते परत पाठवले असतेस. म्हणून थेट संस्थेच्या खात्यात भरले. अर्जही मीच भरलाय. वेल्डिंगच्या प्रमाणपत्राचा वर्ग एक तारखेपासून, संध्याकाळी सहाला. पावतीवर विद्यार्थी म्हणून तुझं नाव आहे; आई ती उशीखाली घेऊन झोपते. वही घेऊन जा. आणि फी परत मिळत नाही, तो नियम मी तीनदा वाचलाय.

तुझीच,
भित्री भागूबाई